बक्षीस कुत्र्याचे, मिरवणूक मालकाची

माणसाची खरी पारख करावयाची असेल, तर त्याला त्याच्या कुत्र्याविषयी बोलते करावे. स्वतःबद्दल तो जपून बोलेल. पण कुत्र्याची गोष्ट निघाली की हातचे काही राखणार नाही. "आमचा टॉमी रस्त्यावरच्या कुत्र्यांत मिसळत नाही बरं का!" हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. टॉमीला विचाराल तर तो मिसळायला एका पायावर तयार असतो. मिसळायचे नसते ते घरच्यांना.

ह्याच स्वभावावर २००० साली अमेरिकेत एक विनोदी चित्रपट निघाला. त्याचे नाव 'बेस्ट इन शो', दिग्दर्शक ख्रिस्तोफर गेस्ट. कथेचा आराखडा ठरलेला, पण संवाद बव्हंशी नटांनी आयत्या वेळी रचलेले. फिलाडेल्फियातल्या एका काल्पनिक श्वानप्रदर्शनाला निरनिराळी मंडळी आपापली कुत्री घेऊन निघतात, एवढेच कथानक.

पण मंडळी पाहा कशी! एक सुखवस्तू जोडपे आपल्या कुत्रीचे मन बिघडले म्हणून तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेते. ऐन स्पर्धेच्या दिवशी तिचे मधमाशीचे खेळणे हरवते, आणि मालकीणबाई गावभर आकांत मांडतात. कुत्री बिथरते ती खेळण्यामुळे, की ह्या आरडाओरडीमुळे, ते तुम्हीच ठरवा. दुसऱ्या एका गृहस्थाला जन्मतःच दोन्ही पाय डावे! ऐन वेळी बायकोचा गुडघा दुखावतो आणि कुत्र्याला रिंगणात फिरवण्याची पाळी नेमकी ह्याच्यावर येते. पहिले बक्षीस कोणाला, ते मी सांगत नाही. चित्रपट पाहावयाचा राहिला असेल, तर तुमची मजा जाईल.

गंमत अशी, की साऱ्या चित्रपटात कुत्री शहाण्यासारखी वागतात. वेडेपणा करतात ती माणसे.

अशी प्रदर्शने मात्र काल्पनिक नाहीत. इंग्लंडात न्यूकॅसल येथे १८५९ साली शिकारी कुत्र्यांचे प्रदर्शन भरले, न्यूयॉर्कचे वेस्टमिन्स्टर प्रदर्शन १८७७ पासून आणि लंडनात सुरू झालेले क्रफ्ट्स १८९१ पासून. तेथे परीक्षक एका कुत्र्याची दुसऱ्याशी तुलना करीत नाही. प्रत्येक जातीचे एक लेखी प्रमाण असते: कान असे, पाठ अशी, चाल अशी. त्या कागदाशी जो अधिक जुळेल, तो श्रेष्ठ. हा कागद अर्थात माणसाने लिहिलेला. चपटे नाक सुंदर, असे माणसाने ठरवले. आणि पिढ्यान्‌पिढ्या नाक चपटे होत जाऊन पगसारख्या कुत्र्यांना श्वास घेणे जड झाले. हौस आपली, धाप त्यांची!

आपल्याकडेही जातिवंत कुत्री आहेत. मराठवाड्यातला कारवान, मुधोळचा शिकारी कुत्रा. शिवारात सशामागे सुटलेला कारवान ज्याने पाहिला, त्याने त्याचे कान मोजले नाहीत. त्याची धाव पाहिली. मुधोळच्या कुत्र्याची देशी जात म्हणून सरकारी नोंद २०२० साली झाली. तोवर कागद नसताना तो काही कमी वेगाने धावत नव्हता.

'जातिवंत' हा शब्द आपण कौतुकाने वापरतो. पण जात आणि रक्ताची शुद्धता ह्या गोष्टींनी माणसांचे काय केले, हे ह्या देशात कोणी कोणाला सांगावयास नको. निदान मुक्या प्राण्याचे मोल करताना तरी तो गज बाजूला ठेवावा.

हिंदमाताचा चौक तुम्हांस ठाऊक आहे. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्यांची तेथे झुंबड, आणि दुकानाच्या पायरीशी एखादे तांबूस कुत्रे अंगाची मुटकुळी करून पडलेले. त्याला ना पट्टा, ना वंशावळ. त्याच्या पायावरून गाडी गेली तर? तेथून परळच्या अंगाला थोडे चालत गेलात की लोक ज्याला 'बैलघोडा' म्हणतात ते इस्पितळ लागते. मुंबईत १८७४ साली प्राण्यांवरील क्रौर्य थांबवण्यासाठी संस्था निघाली. पुढल्या दशकात दिनशा पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने, हे इस्पितळ उभे राहिले. त्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. जनावराची कळ थांबवण्याच्या कामी कान कसे नि शेपूट कशी, हे प्रश्न गैरलागू असतात.

नामदेवांची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. कुत्र्याने पोळी पळवली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी पोळी घशाला लागेल म्हणून. चित्रपटातली माणसेही कुत्र्यापायी धावतात, फार धावतात. फरक इतकाच, की त्यांच्या हातात वाटी नसते. त्यांची नजर करंडकावर असते.

तेव्हा कुत्रे अवश्य पाळा. प्रदर्शनाला न्यायची हौस असेल तर तीही भागवा. फक्त बक्षीस मिळाले नाही, तर घरी परतताना त्याच्याकडे एकदा पाहा. सकाळी जेवढी हलत होती तेवढीच त्याची शेपटी संध्याकाळीही हलत असेल. हरल्याची बातमी त्याला तुमच्या चेहऱ्याखेरीज दुसरे कोण देणार?