नाण्याचे सोवळे-ओवळे
(अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



१७५६ साली इंग्लंडमध्ये टपाल लुटले गेले. त्या लुटीतील एक नोट पुढे मिलर नावाच्या सराईवाल्याकडे रीतसर मोबदल्यात आली. बँक ऑफ इंग्लंडच्या कारकुनाने ती अडवून धरली. १७५८ मध्ये न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी मिलरच्या बाजूने निर्णय दिला. नोट म्हणजे चोरीचे भांडे नव्हे, ते चलन आहे. प्रामाणिकपणे घेणाऱ्याला तिची वंशावळ विचारली, तर व्यवहारच थांबतील.

बिटकॉइन वा ईथर यांची गत नेमकी उलटी आहे. त्यांचा प्रत्येक व्यवहार सर्वांना दिसणाऱ्या खतावणीत कायमचा नोंदला जातो. ही वंशावळ पुसण्यासाठी ‘मिक्सर’ निघाले. ‘टोर्नेडो कॅश’मध्ये १ किंवा १० ईथर अशा ठरावीक रकमा अनेकजण एकाच साठ्यात टाकतात आणि नंतर दुसऱ्या पत्त्यावर काढून घेतात, कोणाचे कोणते, हे ताडणे कठीण होते.

मी मिक्सरची वकिली करीत नाही. अमेरिकी कोषागाराच्या म्हणण्यानुसार, उत्तर कोरियाच्या लाझारस टोळीने चोरलेल्यांपैकी ४५.५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम याच वाटेने गेली. परंतु युक्रेनला दिलेली देणगी रशियाच्या नजरेस पडू नये, म्हणून ईथरियमचे एक जनक व्हिटालिक ब्युटेरिन यांनीही हीच वाट धरली होती. ज्याचा पगार ईथरमध्ये येतो, त्याने आपली सारी मिळकत वाण्याला का दाखवावी?

एक्स्चेंजला हा भेद करता येत नाही, आणि करण्यात त्याचा फायदाही नाही. खाजगी कंपन्यांची संगणकप्रणाली प्रत्येक पत्त्याला जोखमीचे गुण देते. मिक्सरचा स्पर्श आढळला, की खाते गोठू शकते आणि पैसा कोठून आला याचा पुरावा मागितला जातो. हा विटाळच म्हणायचा! ८ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेने टोर्नेडो कॅशवर निर्बंध घातले, तेव्हा कुणा खोडसाळाने तेथून नामवंतांच्या पत्त्यांवर ०.१ ईथर पाठविले आणि न मागितलेल्या त्या दानामुळे काही संकेतस्थळांनी त्यांनाच अडविले. नोव्हेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने हे निर्बंध अधिकाराबाहेरचे ठरविले. मार्च २०२५ मध्ये ते उठले. परंतु निर्बंध सरकारचे होते, गुण कंपनीचे. ते कोणत्या न्यायालयात उठवायचे?

(२०१६ च्या पनामा कागदपत्रांतील धनिकांनीही आपला पैसा घुसळूनच घेतला होता, त्यांच्या यंत्राला मिक्सर न म्हणता कंपनी म्हणतात, एवढेच.)

आपल्याकडे मार्च २०२३ पासून एक्स्चेंज काळ्या पैशाच्या प्रतिबंधक कायद्याखाली आले, हे योग्यच झाले. संशयास्पद व्यवहार कळविणे हे त्यांचे कर्तव्य आहे. निवाडा करणे नव्हे. खाते गोठविताना कारण लेखी द्यावे, चौकशीला मुदत असावी आणि दाद मागण्याची खिडकी त्याच कंपनीच्या कचेरीत नसावी, एवढी आपली मागणी आहे.