दोन वाक्यांमधला सांधा

तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला पुढ्यांत ठेवून कित्येक मराठी घरांनीं इंग्रजी आत्मसात केली. शब्द पाठ झाले, काळहि अंगवळणी पडले. परंतु अशा इंग्रजींतून मराठी डोकावते ती बहुधा उभयान्वयी अव्ययांच्या फटींतून.

आपल्या भाषेंत हीं अव्ययें जोडीनें संसार करतात. 'जरी' आलें कीं 'तरी' आलेंच; 'जर' आलें कीं 'तर'. इंग्रजीला एकच पुरतें. 'ऑल्दो ही इज पुअर, ही इज ऑनेस्ट' हें वाक्य पुरें आहे. पण मराठी कानाला तें लंगडें वाटतें आणि हात मध्येंच 'बट' घालतो. 'बिकॉज'नें आरंभ करून पुढें 'सो' लिहिणें हाहि त्यांतलाच प्रकार. 'दो'च्या जोडीस 'येट' मात्र जुन्या इंग्रजी गद्यांत खुशाल बसलेला आढळतो. 'बट'ला तो मान नाहीं.

हे दोष खटकतात, पण अर्थ बहुधा शाबूत राहतो. 'अनलेस' आणि 'अन्टिल' यांचें तसें नाहीं. 'फी न भरल्यास नांव कमी होईल' असें मनांत योजून कोणी लिहितो, 'अनलेस यू डू नॉट पे द फी, युअर नेम विल बी रिमूव्ड.' नकार 'अनलेस'च्या पोटांतच असल्यामुळें या वाक्यानें फी भरणाऱ्याचेंच नांव जातें आणि बुडव्या सुखरूप राहतो!

'अन्टिल'ची गोष्ट अधिक नाजूक. छप्पर दुरुस्त होत नाहीं तोंवर भाडें मिळणार नाहीं, असें भाडेकरूला घरमालकास कळवावयाचें असतें. त्यांतला 'नाहीं' तो इंग्रजींतहि नेतो आणि 'अन्टिल द रूफ इज नॉट रिपेअर्ड' असें लिहितो. मराठीची नजर छप्पर गळत राहील त्या सगळ्या अवधीवर असते, म्हणून 'नाहीं' हवा. इंग्रजीची नजर तो अवधि जेथें संपतो त्या क्षणावर असते, आणि त्या क्षणीं छप्पर दुरुस्त झालेलें असतें. भाडेकरूचें वाक्य शब्दशः धरलें, तर छप्पर बिघडेल तेव्हां भाडें देण्याचें तें वचन ठरतें. घरमालकाचा वकील खाष्ट असेल तर पुढचें सांगावयास नको.

'अँड'चा भडिमार हा त्यामानानें किरकोळ दोष. 'उठून, न्हाऊन, जेवून' अशी क्रियांची माळ मराठींत शोभते. तिच्या प्रत्येक मण्यामागें 'अँड' लावला कीं वाचणारा दमतो.

शंका आल्यास 'अनलेस' खोडून तेथें 'इफ' आणि 'नॉट' हे शब्द घालावे व तेवढें पोटवाक्य मोठ्यानें वाचावें. एकाऐवजीं दोन 'नॉट' ऐकूं आले, तर त्यांतला एक मराठींतून आलेला आहे.