ऐनवेळचे विषय

(बसवकल्याण येथे सीमाभागातील सहकारी पतसंस्थांच्या संचालक-सभासद मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)

 

या गावात कुणाला अध्यक्षाच्या खुर्चीत बसवणे म्हणजे त्याची फजितीच. इथेच, बाराव्या शतकात, अनुभव मंटपाच्या शून्य सिंहासनावर अल्लमप्रभू बसले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. बसवण्णा बिज्जळाचे भांडारी; खजिना त्यांच्या हाती, शरण त्यांच्या शब्दावर जमलेले. तरी वर बसवला मद्दल वाजवणारा अल्लम. अभ्यासक म्हणतील, हे चित्र शून्यसंपादनेतले आणि तो ग्रंथ पंधराव्या शतकातला. मान्य. पण आदर्श सभेचे चित्र रंगवताना आपल्या लोकांनी तिजोरीची किल्ली आणि अध्यक्षपद एकाच माणसाला दिले नाही, एवढे मला पुरे आहे. सेबीने 500 मोठ्या कंपन्यांना अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक वेगळे ठेवायला सांगून पाहिले. 2022 मध्ये तेही ऐच्छिक झाले. आणि आपल्याकडे? चेअरमनने मान हलवल्याशिवाय चहासुद्धा येत नाही.

2024 मध्ये कर्नाटक सरकारने बसवण्णांना सांस्कृतिक नेता जाहीर केले, कचेऱ्यांत तसबिरी लागल्या. आपल्या संस्थांत त्या आधीपासूनच होत्या, रोज उदबत्तीही लागते. माझी तक्रार तसबिरीखाली भरणाऱ्या सभेबद्दल आहे.

ती कशी भरते, तुम्ही जाणताच. कोरमअभावी तहकूब, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा सुरू. अहवाल वाचला असे समजण्यात येते. पुढची रांग ‘मंजूर, मंजूर’ म्हणते. सभासदाचा प्रश्न येतो सर्वांत शेवटी, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ म्हणून, आणि तोवर मागे पत्रावळी मांडल्याचा आवाज सुरू झालेला असतो. मी स्वतः एका संस्थेत संचालक असताना एका म्हाताऱ्या सभासदाला ‘काका, जेवून घ्या, मग बोलू’ म्हणालो होतो. ते जेवले नाहीत, उठून गेले. त्यांचा प्रश्न थकीत कर्जांचा होता आणि रास्त होता. पुढे दोन वर्षांनी लेखापरीक्षकाने तोच विचारला.

आयदक्की लक्कम्माची गोष्ट इथे आठवते. नवरा मारय्या बसवण्णांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणायचा. एके दिवशी त्याने रोजच्यापेक्षा जास्त आणले, तर लक्कम्माने ते परत टाकून यायला लावले. गरजेपुरते आपले, वरचे आपले नाही. आपण ही गोष्ट दासोहाच्या, त्यागाच्या अंगाने सांगतो. मला त्यातला हिशेब महत्त्वाचा वाटतो: जादा माप त्याच संध्याकाळी, चूल पेटायच्या आत पकडले गेले, आणि पकडणाऱ्या बाईला कुणाची परवानगी लागली नाही. आज कायद्याने संचालक मंडळात बायकांना जागा आहेत; पण कित्येक ठिकाणी सभेची नोटीस नवऱ्याच्या हातात जाते आणि सहीचे रजिस्टर घरी येते. लक्कम्माच्या गावाला हे शोभत नाही.

थोडे दक्षिणेला चला, कलबुर्गी जिल्ह्यात भीमेकाठी सन्नतीला. तिथल्या काळीच्या देवळाचे छत 1986 मध्ये कोसळले आणि मूर्तीखालची शिळा अशोकाच्या आज्ञांची निघाली. अधिकाऱ्यांनी मत्सर, राग, घाई, आळस टाकून निःपक्षपाती वागावे, असे सांगणाऱ्या आज्ञेचा अंश तिच्यावर आहे. ओडिशातल्या धौलीच्या पाठात पुढे सांगितले आहे की ही आज्ञा तिष्य नक्षत्राच्या दिवशी ऐकवावी. मधल्या काळात एकट्या माणसालाही ऐकवावी. नियम लोकांच्या कानावर पडला पाहिजे, हे त्या राजाला कळले होते. शिळा मूर्तीखाली दडली, तशी आपली इतिवृत्ते कपाटात दडली आहेत. आणि भालकी-औरादचा मराठी सभासद कन्नड इतिवृत्तावर न वाचता अंगठा देतो, हेही बोललेच पाहिजे. कन्नड राज्याची भाषा आहे, कागद कन्नडच राहो. पण त्याला मराठीत वाचून दाखवायला कुठला कायदा आडवा येतो?

म्हणून इथल्या चेअरमन मंडळींना दोनच गोष्टी मागतो. येत्या सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत सभासदांचे प्रश्न विषयपत्रिकेवर पहिले घ्या. मागचे इतिवृत्त दोन्ही भाषांत मोठ्याने वाचा. जेवण तासभर उशिरा झाले तरी चालेल.