उड्डाणाआधीचा कागद



नवे विमान प्रथम आकाशात झेपावते, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छायाचित्र येते ते वैमानिकाचे. आणि ते योग्यच आहे. पण मैफलीत गवयाच्या मागे तंबोरा धरून बसलेला जसा सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही, तसा या प्रसंगीही एक मनुष्य नजरेआड राहतो. त्याला उड्डाण-चाचणी अभियंता म्हणतात. किती उंचीवर, किती वेगाने, कोणता प्रयोग करावयाचा, काय मोजावयाचे आणि कोणत्या खुणेला थांबावयाचे, हे उड्डाणाआधी कागदावर उतरवण्याचे काम त्याचे. हा मनुष्य घडवतात कसा, याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रारंभी ही दोन माणसे नव्हती. पहिल्या महायुद्धात विमान गिरक्या घेत खाली येऊ लागले, की आता सुटका नाही, अशी धास्ती अनेक वैमानिकांना वाटे. इंग्लंडात फार्नबरो येथे लिंडमन नावाचे एक पदार्थविज्ञानाचे पंडित होते. ते स्वतः विमान चालवावयास शिकले आणि 1917 साली त्यांनी मुद्दाम विमान गिरकीत घातले. खाली येताना यंत्रांवरील आकडे त्यांनी ध्यानात ठेवले व उतरल्यावर लिहून काढले, असे सांगतात. प्रश्न विचारणारा, विमान हाकणारा आणि टिपण ठेवणारा, असे तिघे एकाच देहात होते. पुढे यंत्रे इतकी गुंतागुंतीची झाली, की एका डोक्याला हा भार पेलेना.

दुसऱ्या महायुद्धात नव्या विमानांच्या परीक्षेत निष्णात वैमानिक धडाधड प्राणांस मुकू लागले. धाडसाला शास्त्राची जोड नसेल तर ते पुरत नाही, हे तेव्हा कळून आले. 1943 साली इंग्लंडात बॉस्कोम डाऊन येथे चाचणी वैमानिकांची शाळा निघाली. ‘चाचणी करावयास शिका, शिकण्यासाठी चाचणी करा’ अशा अर्थाचे तिचे ब्रीद आहे. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या हवाई दलाने तशीच शाळा काढली. ती 1951 साली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील एडवर्ड्स तळावर गेली. फ्रान्सची शाळा इस्त्र येथे आहे, आपल्या हवाई दलाची बंगळूरला. या शाळा निघाल्या वैमानिकांसाठी. पण आज अभियंतेही त्यांच्या बाकाला बाक लावून तोच सुमारे 48 आठवड्यांचा अभ्यास करतात. पदवी घेऊन, थोडीबहुत नोकरी करून आलेली ही मंडळी पुन्हा विद्यार्थी होतात. फळ्यावरचे गणित, मग आकाशातला प्रयोग, मग त्याचा लेखी अहवाल, असा त्यांचा क्रम.

ते शिकतात काय? दोन-तीन उदाहरणे घेऊ.

पहिला धडा असा, की यंत्रावर आंधळा विश्वास ठेवू नये. विमानाची उंची व वेग हवेच्या दाबावरून कळतात. पण विमान स्वतःच भोवतालची हवा ढवळून काढते. म्हणून दाब घेणाऱ्या छिद्रापाशी जो दाब असतो तो खरा दाब नव्हे. ही चूक किती, हे कसे काढावे? विमान एका बुरुजाजवळून, अगदी खालून, समपातळीत न्यावयाचे. बुरुजावर बसलेला निरीक्षक आखलेल्या जाळीतून त्याची खरी उंची टिपतो. त्या उंचीवरचा खरा दाब गणिताने काढतात व विमानातल्या आकड्याशी ताडून पाहतात. दोहोंतला फरक हीच चूक. सोनाराने दागिना तोलण्याआधी तराजू तपासावा, तसे हे आहे. तराजूच खोटा असेल, तर पुढची सगळी मोजणी व्यर्थ.

दुसरा धडा अंदाजाचा. स्थिर चाललेल्या विमानाला किंचित ढवळून सोडून दिले, तर ते झोपाळ्यासारखे हळूहळू वर-खाली होऊ लागते. लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या हेलकाव्याचे गणित मांडले. त्याप्रमाणे, विमान सेकंदाला 100 मीटर वेगाने चालले असेल, तर एका हेलकाव्यास साधारण 45 सेकंद लागावेत. विद्यार्थी हे उत्तर जमिनीवर काढतो, कागदावर लिहितो, आणि मग आकाशात घड्याळ लावून बसतो. आकडा जवळपास जुळला तर विमान समजले. फारच वेगळा आला, तर तो का आला हे कळेपर्यंत पुढचे पाऊल टाकावयाचे नाही. आधी अंदाज, मग उड्डाण, मग ताळा. आणि प्रत्येक वेळी सोप्याकडून कठीणाकडे एकेक पायरी.

तिसरा धडा मला सर्वांत मनोरंजक वाटतो. वैमानिक खाली उतरून म्हणतो, ‘विमान जरा अंगावर येते.’ या वाक्याचे अभियंत्याने करावे काय? वैद्याने ‘पोटात कसेसेच होते’ एवढ्यावर औषध द्यावे तसेच ते होईल! कूपर व हार्पर या दोघा अमेरिकनांनी 1969 साली यासाठी एक मापपट्टी प्रसिद्ध केली. विमान ताब्यात राहते का? बेतास बात श्रमांत काम पुरेसे होते का? काही सुधारणा न करताही ते समाधानकारक आहे का? अशा होय-नाहीच्या प्रश्नांनी वैमानिक 1 ते 10 मधील एका अंकावर येतो. 1 म्हणजे उत्तम. 10 म्हणजे ताबाच सुटला. मनुष्याच्या अनुभवाला तुच्छ न लेखता त्याचे माप घेणे, ही कला अभियंत्याला शिकावी लागते. त्यासाठी त्याला मागच्या आसनावर बसवून आकाशात नेतात. कारण ज्याच्या स्वतःच्या पोटात कधी गोळा उठला नाही, त्याला दुसऱ्याचे म्हणणे कळावयाचे कसे?

हे सारे शिकून शेवटी हातात काय येते? एक लहानसा कागद. त्यावर चाचणीचे टप्पे, मर्यादा आणि थांबण्याच्या खुणा. या कागदाचे मोल किती, हे सांगणारी एक दुःखद हकीकत आपल्याच देशात घडली.

राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने ‘सारस’ नावाचे लहान प्रवासी विमान तयार केले होते. 6 मार्च 2009 रोजी त्याचा दुसरा नमुना बंगळूरहून उडाला. एक इंजिन हवेत बंद करून पुन्हा सुरू करावयाचे, अशी चाचणी होती. विमान बिडदीजवळ कोसळले. दोघे चाचणी वैमानिक आणि त्यांच्यासह बसलेला उड्डाण-चाचणी अभियंता, तिघेही मृत्यू पावले. पुढे चौकशी झाली. इंजिन पुन्हा सुरू करण्याची जी रीत आखून दिली होती तीच चुकीची होती, आणि ती पुरेशी उंची नसताना वापरली गेली, असा निष्कर्ष निघाला. बंधुभगिनींनो, हा निष्कर्ष सावकाश ऐकण्याजोगा आहे. तिथे माणसांचे धैर्य कमी पडले नव्हते. अपघाताचे बीज उड्डाणाआधीच, जमिनीवर बसून आखलेल्या रीतीत होते.

म्हणूनच या शाळांत अहवालाची कसून उलटतपासणी होते. ‘हा आकडा कुठून आला? तो चुकला तर काय होईल? किती उंचीच्या खाली तुम्ही हा प्रयोग सोडून द्याल?’ असे प्रश्न शिक्षक विचारतात, सोबती विचारतात. ज्येष्ठ वैमानिक उड्डाणास उत्सुक आहे, वरिष्ठांना तारीख गाठावयाची आहे, अशा वेळी ‘आज नको’ म्हणण्याचे बळही तरुण अभियंत्याच्या अंगी यावे लागते. पंखांना घातक कंप सुटतो का, हे पाहण्याच्या चाचणीत तर जमिनीवर पडद्यासमोर बसलेल्या अभियंत्याने ‘थांबा’ म्हटले, की वैमानिक त्या क्षणी थांबतो. कारण विचारीत बसत नाही. ते एका शब्दावरचे विश्वासाचे नाते वर्षभर एकत्र शिकून, एकत्र उडून जडलेले असते.

24 जानेवारी 2018 रोजी ‘सारस’चा सुधारलेला नमुना पुन्हा आकाशात गेला. गेलेली माणसे त्याने परत येत नाहीत. पण त्यांच्या मरणाने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधणे जिवंतांच्या हाती असते.

आपल्या नाशिकजवळ ओझर येथे लढाऊ विमाने तयार होतात. आपली मुले तिथे काम करतात. उद्या त्यांतील एखादा मुलगा वा मुलगी घरी येऊन म्हणाली, की मला विमान चालवावयाचे नाही, विमानाची परीक्षा घ्यावयाची आहे, तर तिला नाउमेद करू नका. गणित पक्के आहे का, एवढे विचारा. आणि आपल्या चुकीचा आकडा चारचौघांत सांगावयाची तयारी आहे का, हेही विचारा. दुसरी परीक्षा पहिलीहून अवघड आहे.