पदवीचा कागद आणि शिक्षकाची पात्रता
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



वार्षिक मेळाव्यात गुणवंतांचे कौतुक होते, आणि ते व्हायलाच हवे. परंतु आज मी कष्ट करूनही हात रिकामा राहिलेल्यांविषयी चार शब्द बोलणार आहे.

शिक्षकपदाच्या मुलाखतीस एकदा एक मुलगी आली होती. मिरजेकडची, वडील शिलाईकाम करणारे. तिने घेतलेला पाठ आम्हां सर्वांना आवडला. कागदपत्रे पाहिली तेव्हा मात्र आम्ही गप्प झालो. बी.एड.च्या गुणपत्रिकेवर ठसठशीत शिक्का होता, पण देणाऱ्या संस्थेला मान्यताच नव्हती. वडिलांनी फीसाठी कर्ज काढले होते. जाताना तिने एवढेच विचारले, "सर, अभ्यास तर मी खराच केला होता ना?" मला उत्तर देता आले नाही.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याप्रमाणे संसदेच्या वा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था यांनाच पदवी देता येते. इतरांनी ती दिल्यास त्या कायद्यात दंड ठेवला तो जास्तीत जास्त एक हजार रुपये! मुलीचे नुकसान लाखात आणि फसवणाऱ्याचा दंड हजारात, हे गणित ध्यानी घ्या. आयोग बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करतो. तिच्यात नागपूरच्या 'राजा अरेबिक युनिव्हर्सिटी'चे नाव वर्षानुवर्षे येत आले आहे. अरबीचे नाव पाहून आपला भोळा माणूस विश्वास टाकतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

विद्यापीठ खरे असले तरी काम संपत नाही. १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद आली. तिची मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाची पात्रता सरकारी वा अनुदानित शाळेतील नोकरीस ग्राह्य धरली जात नाही. शिवाय खरी पदवीही योग्य जागीच चालते. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. पुरेशी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले. सेवेतील अप्रशिक्षित शिक्षकांसाठी २०१७ साली सरकारनेच अठरा महिन्यांची पदविका काढली. ती दोन वर्षांच्या पदविकेच्या बरोबरीची नाही, असा निकाल नोव्हेंबर २०२३ मध्ये लागला. पुढे २०२४ मध्ये त्या वेळी सेवेत असलेल्यांना दिलासा मिळाला. म्हणजे जवळची वाट सरकारी असली तरी ती कोणासाठी आहे, हे आधी पाहावे.

आपल्या मदरशांतील आलिम, फाजिल यांच्या विद्वत्तेविषयी मला आदर आहे. परंतु केवळ त्या सनदेवर शिक्षकाची नोकरी मिळत नाही. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ काही मदरशांच्या सनदा पुढील प्रवेशासाठी मानतात. ही वाट लांबची आहे, पण ती मुक्कामाला पोहोचते.

आणि आपण तर साताऱ्याच्या शेजारचे! कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ साली साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण विद्यालय काढले. पुढे १९५५ साली रयत शिक्षण संस्थेने तेथेच अध्यापक महाविद्यालय काढले, त्याला नाव आहे आझादांचे. गरिबाच्या मुलाला पक्की सनद मिळावी, हीच ती तळमळ होती.

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या कार्यालयात दर रविवारी दोन अनुभवी शिक्षकांनी बसावे. कोणीही फी भरण्यापूर्वी त्यांच्याकडे यावे आणि तीन प्रश्न विचारावेत. पदवी देणाऱ्याला ती देण्याचा अधिकार आहे काय? अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे काय? आणि मला ज्या वर्गांना शिकवायचे आहे, त्यासाठी ही पात्रता आणि शिक्षक पात्रता परीक्षा यांचा मेळ बसतो काय? उत्तर एजंटाच्या तोंडून घेऊ नये, यादीत स्वतः पाहावे.

या कामाला निधी लागत नाही, रविवारचे दोन तास लागतात. पहिल्या रविवारी बसायला मी तयार आहे. दुसरे कोण येणार, ते आज येथेच ठरावे.