मातीत सापडलेली राणी



मृगाचा पाऊस पडला की जयगडच्या वाडीवाडीतून कुदळी बाहेर निघतात. माडांची आळी साफ करायची असतात, परसात पडवळ-दोडक्याचे वेल लावायचे असतात. अशा वेळी जांभ्याचा एखादा दगड उलथावा आणि खालच्या ओल्या पोकळीत एक भली थोरली काळी मुंगी दिसावी. एकटीच. ना रांग, ना सोबती. पोर ओरडते, "बाबा, डोंगळा!" आणि बाबांची वहाण पडते. पुष्कळदा ती राणी असते. म्हणजे त्या वहाणेखाली एक मुंगी जात नाही, होऊ घातलेले अवघे वारूळ जाते.

ती ओळखायची कशी? नुसत्या आकारावर जाऊ नका. आपल्या काळ्या मुंगळ्यांत मोठ्या डोक्याचे कामकरीही असतात आणि लोक त्यांनाच राणी समजतात. डोके पाहू नका, पाठ पाहा. कामकऱ्याची पाठ अरुंद असते. राणीची पाठ जाड, फुगीर, कुबड आल्यासारखी असते, कारण तिथे एके काळी पंख हलवणारे स्नायू होते. बाजूंना नीट निरखले, भिंग असल्यास उत्तमच, तर पंख तुटल्याच्या बारीक खुणा दिसतात. पोटही कामकऱ्यापेक्षा भरदार असते.

पंख गेले कुठे, असे मुले विचारतील. मरण जवळ आले की मुंगीला पंख फुटतात असे आपण म्हणतो. ते निम्मे खरे आहे. पावसाळी हवेत पंखवाले नर आणि माद्या उडतात, त्यांचे मीलन होते आणि नर थोड्याच काळात मरतात. मादी मात्र खाली उतरते, आपले पंख आपणच मोडून टाकते आणि जागा शोधू लागते. तिचे मीलन पुन्हा कधी होत नाही. त्या एका वेळचे बीज ती आयुष्यभर पोटात सांभाळते.

एक सावधगिरी सांगतो. दिव्याभोवती पंखांचा खच पडतो, तो बहुधा वाळवीचा असतो. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांहून लांब, कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या. घराचे वासे जपायचे असतील तर हा फरक माहीत असलेला बरा.

आता सापडलेल्या राणीचे काय करावे? भोवती कामकरी आणि पांढरी अंडी-कोष असतील, तर ते नांदते घर आहे. दगड हळूच होता तसा ठेवा. एकटी असेल तर तिला पानावर घेऊन आडबाजूच्या दगडाखाली सोडा. माझे मत विचाराल तर घरोघरी बाटल्या भरण्यापेक्षा हेच बरे. पण शाळेसाठी एक राणी जरूर ठेवावी. पाठ्यपुस्तकातल्या चित्रापेक्षा मुले तिच्यापासून अधिक शिकतील.

त्यासाठी काचेची एक परीक्षानळी पुरे. तिसरा हिस्सा पाणी भरा, त्यावर कापसाचा घट्ट बोळा बसवा, इतका की कापूस ओला व्हावा पण पाणी सांडू नये. राणीला आत सोडून तोंडाला सैलसर कोरडा कापूस लावा. नळीला काळा कागद गुंडाळून ती कपाटात आडवी ठेवा. झाले! खायला काही घालू नका. इथेच लोकांची दयाबुद्धी आड येते. साखर घातली की बुरशी धरते. काळ्या मुंगळ्याच्या राणीला या काळात अन्न लागत नाही. निरुपयोगी झालेले पंखांचे स्नायू तिच्या अंगातच विरघळतात आणि त्यावर ती पहिली पिले पोसते. आठवड्यातून एकदाच डोकावा. सारखे हलवले तर ती आपलीच अंडी खाते.

साधारण महिना-दीड महिन्यात पहिले कामकरी निघतात, अगदी चिमुकले. मग मधाचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब आणि मेलेल्या माशीचा तुकडा द्यावा. औषध मारलेला किडा मात्र नको. अंडी आलीच नाहीत, तर मीलन झाले नसेल असे समजावे. पंख गळलेली प्रत्येक मादी फळलेली असतेच असे नाही.

सगळ्या मुंग्यांना हा नियम लागू नाही. काही जातींच्या राण्या सुरुवातीलाही शिकार करतात. आपल्या आंब्या-काजूवर पाने शिवून घर करणारे तांबडे हुमले मातीत नसतात. त्यांची हिरवट राणी पानातच संसार मांडते. भारतात अशीही एक जात आहे, जिच्यात निराळी राणीच नसते, कामकऱ्यांतलीच एक अंडी घालते. मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉटन यांनी १८९२ साली इथल्या मुंग्यांवर विस्ताराने लिहिले, तेव्हापासून हा अभ्यास चालू आहे.

मुंगळे मावा आणि पिठ्या ढेकणांना राखतात, ही बागाईतदारांची तक्रार खरी आहे. पण तेच मेलेले किडे उचलतात आणि माती भुसभुशीत करतात.

राणी किती जगते? इंग्लंडात सर जॉन लबक यांनी १८७४ साली पाळायला घेतलेली एक राणी १८८८ पर्यंत जगली. पहिलीत आलेले मूल शाळा सोडून जाईल, इतकी वर्षे! म्हणून वीस-पंचवीस कामकरी झाले, की पाऊस उघडल्यावर एका संध्याकाळी नळी झाडाच्या बुंध्याशी, दगडाच्या आडोशाला ठेवा आणि कापूस काढून घ्या. त्या आपल्या आपण घर बदलतील. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी तेवढी परत आणा.