सहलीच्या चिठ्ठीवर सही करण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले व्याख्यान)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हणजे हळदीकुंकू आणि अल्पोपाहार यांच्या मध्ये येणारी अडचण, हे मी जाणून आहे. तेव्हा फार वेळ घेणार नाही. कित्येक वर्षे नागपूरच्या एका महाविद्यालयात शिकवीत असताना तेथील भ्रमण मंडळाचे काम माझ्याकडे होते. म्हणूनच आपल्या कार्यवाहबाईंनी मला गाठले आणि विषय दिला, "कॉलेजातील मुलींच्या सहली". विषय वरवर पाहता करमणुकीचा आहे. परंतु आता सभा सुरू होण्यापूर्वी तिघी-चौघींनी मला बाजूला घेऊन "बाई, पोरीला पाठवावे की नाही?" असे विचारले. त्यांच्या चेहऱ्यावर करमणूक दिसत नव्हती. मी त्यांच्याशीच बोलणार आहे. बाकीच्यांनी ऐकावे.

भ्रमण मंडळ म्हणजे काय, ते आधी सांगते. दिवाळीनंतर थंडी पडली की आमच्या सहली सुरू होत आणि होळीच्या सुमारास संपत. नागपूरचे ऊन आपल्याला ठाऊकच आहे. पहिली सहल अगदी जवळची, रविवारी पहाटे सेमिनरी हिल्सवर पायी चढून फुटाळ्याच्या काठाने परत. दुसरी काटोल रस्त्यावर जुनापाणीला. तेथे माळावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. ती हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपल्या मृतांसाठी रचलेली आहेत. शहराच्या इतक्या जवळ असून आपल्यापैकी किती जणींनी ती पाहिली आहेत? तिसरी सहल रामटेकची. या तिन्ही सहलींत जी मुलगी वेळेवर आली, आपले ओझे आपण वाहिले आणि कुरकुर केली नाही, तिलाच पुढे मुक्कामाच्या सहलीला, म्हणजे पचमढी, चिखलदरा किंवा नागझिरा येथे नेत असू. नियम मुलांनाही तोच.

रामटेकविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण तेथे आपण सर्वजणी गेलो आहोत आणि तरी पुष्कळ पाहायचे राहिले आहे. गडावर दर्शन घ्यायचे, खिंडसीच्या काठी डबा उघडायचा आणि परतायचे, हा आपला रिवाज. आम्ही मुलींना आधी पायथ्याजवळच्या नगरधनला नेत असू. हे वाकाटकांचे नंदिवर्धन. सोळाशे वर्षांपूर्वी तेथून एका बाईने राज्य चालविले. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता ही वाकाटकांची सून. नवरा अकाली गेला, मुले लहान, तेव्हा कारभार तिने हाती घेतला. तिचे ताम्रपट आहेत, आणि अलीकडे नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही सापडली. मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे आपल्या नागपूरचे महामहोपाध्याय मिराशी यांनी साधार मांडले. यक्षाचा विरह मुलींना वर्गात शिकविलेला असतोच. पण राज्य करणाऱ्या बाईची गोष्ट त्या ढिगाऱ्यावर उभे राहून ऐकताना मुली वहीतून डोके वर काढतात, हे मी दरवर्षी पाहिले.

आता मुद्द्याकडे येते. फळ्यावर सहलीची सूचना लागली की पहिल्याच दिवशी नावांचा कागद भरतो. मग पालकांच्या संमतीची चिठ्ठी घरी जाते आणि कागदावरची नावे एकेक करून खोडली जाऊ लागतात. मुलांचीही खोडली जातात, नाही असे नाही. पण मुलांची बहुधा पैशापायी आणि मुलींची भीतीपायी. "त्यापेक्षा लग्नानंतर नवऱ्याबरोबर जा म्हणावे," हे उत्तर मी इतक्यांदा ऐकले आहे की ते चिठ्ठीवर छापून घेतले असते तर पालकांचे श्रम वाचले असते.

भीती खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. 2014 च्या जून महिन्यात हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजातील मुले-मुली हिमाचलात बियास नदीच्या पात्रात उतरली असताना वरच्या धरणाचे पाणी सुटले आणि चोवीस विद्यार्थी वाहून गेले. 2016 च्या 1 फेब्रुवारीला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील मुले-मुली बुडाली. दोन्ही सहली कॉलेजच्याच होत्या, हे लपविण्यात अर्थ नाही. अशी बातमी वाचून आईने चिठ्ठी फाडली तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

पण माझे म्हणणे निराळे आहे. भीती खरी, भ्यायची जागा मात्र चुकते. चिठ्ठी घेऊन आया माझ्याकडे येत तेव्हा विचारीत, "मुले किती आहेत बरोबर?" "जंगलात वाघ नाही ना?" "रात्री कोठे झोपणार?" शेवटचा प्रश्न योग्यच आहे आणि त्याचे उत्तर लेखी मिळाले पाहिजे. परंतु इतक्या वर्षांत एकीनेही मला विचारले नाही की, "वाटेत पाणी कोठे आहे?"

आपल्या गावचीच गोष्ट पाहा. हिस्लॉप महाविद्यालय कोणाला माहीत नाही? 1883 साली निघालेल्या त्या संस्थेला ज्यांचे नाव दिले, ते स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपुरास आले. पेशाने पाद्री, पण मुळचे भटके. टाकळीच्या खडकांतील जीवाश्म त्यांनी जमविले, गोंडांच्या गोष्टी उतरून घेतल्या, शिळावर्तुळे शोधीत हिंडले. नागपुरातील पहिले भ्रमण मंडळ म्हणजे हा एकटा मनुष्य, असे मी मुलांना गमतीने सांगत असे. 1863 च्या सप्टेंबरात ते बुटीबोरीकडच्या टाकळघाटला अशीच वर्तुळे पाहावयास गेले आणि परत येताना पूर आलेला नाला ओलांडताना बुडाले. अठरा वर्षे या मुलखात काढलेला माणूस! त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, 2017 च्या जुलैत, नागपूरजवळच्याच वेणा धरणात तरुण मित्रांची नाव उलटली आणि त्यांतील बहुतेक जण गेले. तेथे कोणते मंडळ नव्हते, शिट्टी नव्हती, कोणाच्या आईने चिठ्ठीवर सही केलेली नव्हती. सुटीच्या दिवशी तरुण मंडळी निघाली होती, इतकेच. म्हणून मी म्हणते, परवानगी नाकारली म्हणजे मूल सुरक्षित झाले, असे समजू नये. कॉलेजातील मुलगी आज ना उद्या मैत्रिणींबरोबर बाहेर पडणारच. पहिल्यांदा बाहेर पडताना तिच्याबरोबर जाणते माणूस असावे की नसावे, एवढेच आपल्या हातात असते.

आमच्या मंडळाचा पहिला नियम होता की, ठरविलेल्या जागेखेरीज आणि बाईंच्या परवानगीखेरीज कोणीही पाण्यात पाऊल घालायचे नाही, घोट्यापर्यंतसुद्धा नाही. पावसाळ्यात नाला आडवा आला तर सहल तेथेच संपली. पुढे कितीही सुंदर धबधबा असो, माघारी वळायचे. एकदा उमरेडकडे जाताना असे झाले आणि मुले माझ्यावर आठवडाभर रुसली होती. दुसरा नियम मोजणीचा. चढण्यापूर्वी, उतरल्यावर, जेवणाआधी, गाडीत बसल्यावर, दर वेळी मोजणी. रांगेच्या पुढे वाट जाणणारा आणि सर्वांत मागे एक खमकी मुलगी. तिच्या मागे कोणी राहायचे नाही. ही मागची जागा मी नेहमी मुलीला देत असे, कारण दमलेल्या मैत्रिणीला ती ओरडत नाही आणि सोडूनही देत नाही. तिसरे, कड्याला आग्या मोहोळ असेल तर त्याखाली अत्तर नाही, धूर नाही, आरडाओरडा नाही. साप चावल्यास कापाकापी व आवळून बांधणे सक्त मना. अंग न हलविता तडक सरकारी दवाखाना. जवळचा दवाखाना कोणता, हे निघण्यापूर्वीच कागदावर लिहिलेले असे.

आणि एक गोष्ट, जी आया बोलत नाहीत पण मनात धरतात. प्रातर्विधीची सोय आणि मुलींचे अडचणीचे दिवस. खरे सांगायचे तर निम्म्या चिठ्ठ्या याच कारणाने परत येतात आणि कारण दुसरेच लिहिलेले असते. यात लाजण्यासारखे काय आहे? मुक्कामाची जागा ठरविताना आम्ही पहिली चौकशी याचीच करीत असू. बरोबरच्या बाईंच्या पिशवीत लागणाऱ्या वस्तू असत, आणि ज्या मुलीला त्या दिवशी चढवत नसे ती खालच्या मुक्कामावर सोबतिणीसह राही. विचारले तर सोय होते. विचारायचे मात्र आईने.

"आमच्या घरात असे कोणी गेले नाही," असेही म्हणतात. हे तर मला मुळीच पटत नाही. एका मुलीची पचमढीची चिठ्ठी आईने अडविली होती. मी घरी गेले. आई काही ऐकेना. कोपऱ्यात तांदूळ निवडीत बसलेली आजी म्हणाली, "मी ह्या पोरीएवढी होती तवा महादेवाले पायी गेली. हे तं मोटारीनं जाऊन रायली. जाऊ दे तिले." खरेच आहे की नाही? चौरागडाच्या मोठ्या महादेवाला शिवरात्रीस आणि नागद्वारला नागपंचमीस आपल्या विदर्भातून पिढ्यान्पिढ्या लोक जात आले, त्यात बायका का नव्हत्या? डोक्यावर शिधा, तोंडी गाणी आणि पायाखाली दरडी. ती पचमढीच होती. तेथे आजी चढली तर पुण्य आणि नात चढली तर थिल्लरपणा, हा न्याय माझ्या आकलनापलीकडचा आहे. ती मुलगी आली, धूपगडावर सूर्यास्त पाहिला आणि आजीसाठी महादेवाचा अंगारा घेऊन गेली.

परदेशांतही या गोष्टी फार जुन्या नाहीत. अमेरिकेत डार्टमथ नावाच्या महाविद्यालयात 1909 साली फ्रेड हॅरिस या विद्यार्थ्याने, हिवाळाभर खोलीत शेकत बसण्यापेक्षा बर्फात हिंडावे म्हणून मंडळ काढले. जर्मनीत त्याच वर्षी रिचर्ड शिरमान हे शिक्षक मुलांना घेऊन पायी निघाले असता वादळात सापडले आणि त्या रात्रीच्या आसऱ्यातून युवक वसतिगृहांची कल्पना निघाली. आपल्याकडील यूथ होस्टेल्स असोसिएशन 1949 ची. गंमत अशी की, त्या डार्टमथने मुलींना पदवीसाठी प्रवेश दिला तो 1972 साली! आपल्या नागपुरात मुलींचे स्वतंत्र कॉलेज 1932 सालीच निघाले होते.

बचेंद्री पाल 23 मे 1984 रोजी एव्हरेस्टवर पोचल्या, भारतातील पहिल्या स्त्री. त्यांची पहिली चढाई कोणती? वयाच्या बाराव्या वर्षी शाळेच्या सहलीत, मैत्रिणींबरोबर. आणि इतके दूर तरी कशाला? 2018 च्या मे महिन्यात आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर चढले. त्यांत एक मुलगी होती, मनीषा धुर्वे. तिच्या आईवडिलांकडेही संमतीसाठी कोणी तरी गेलेच असेल ना?

सर्वांनी एव्हरेस्टवर जावे, असे मात्र मी सुचवीत नाही. मला स्वतःला मचाणाची रात्र अधिक मोलाची वाटते. वैशाखातील बुद्धपौर्णिमेला वनखाते आपल्या जंगलांत पाणवठ्यावरच्या मचाणांवर लोकांना बसविते. पूर्वी ही गणती म्हणून होई. आता वाघांची खरी मोजदाद कॅमेरे लावून होते आणि या रात्रीला निसर्गानुभव म्हणतात. एका वर्षी आमच्या दोघी नागझिऱ्यात बसल्या. संध्याकाळपासून सकाळपर्यंत बोलायचे नाही, मोबाइल बंद, कपडे मळकट रंगाचे. वाघ काही आला नाही. वहीत लिहून आणले, "चितळ, रानडुकरे, एक अस्वल, पहाटे मोर." त्यातली एक घरी क्षणभर गप्प बसत नाही, अशी तिच्या आईची तक्रार असे. बारा तास गप्प बसून आली, हे ऐकून आईच गप्प झाली.

बोलणे लांबले. चिठ्ठी समोर आली की पुढील गोष्टी विचारा, आणि उत्तर लेखी मागा. वाटेत नदी, तलाव, धरण कोठे आहे आणि तेथे काय नियम आहे? बाई कोण बरोबर आहेत? मोजणी कोण करणार? रात्रीची जागा आणि तेथील सोय काय? जवळचा दवाखाना कोणता? या प्रश्नांची उत्तरे ज्या मंडळाला देता येत नाहीत, त्याच्या चिठ्ठीवर सही करू नका. मीही करणार नाही. ज्याला देता येतात, तेथे "मुले किती?" हा प्रश्न मनातच ठेवा.

शेवटी एक सूचना. येत्या थंडीत या मंडळातर्फे आयांचीच एक सहल जुनापाणीला न्यावी, असे कार्यवाहबाईंशी बोलून ठरविले आहे. रविवारी पहाटे सहाला निघून दुपारी जेवणापर्यंत परत. वयाची अट नाही. पायात चपला नकोत, बूट हवेत. साडी नेसली तर ती आखूड. डोक्याला रुमाल, पाण्याची बाटली आणि दशम्या ज्याच्या त्याने आणाव्या. घरून संमतीची चिठ्ठी आणण्याची जरुरी नाही. नावे आजच कार्यवाहबाईंकडे द्यावीत.